उलटं चिकटवलेलं पान

१

कड्याखाली माणूस सापडला आणि कड्यावर त्याचा चष्मा. चष्मा नीट मिटून, डबीत घालून, सपाट दगडावर ठेवलेला. तपासाला आलेल्या अधिकाऱ्याने आधी खाली पाहिलं, मग वर पाहिलं, आणि त्याचं उत्तर तयार झालं. गृहस्थांचं वय झालेलं, बायको वर्षापूर्वी गेलेली, घरात एकटेच, त्यात आदल्या संध्याकाळी लेकीशी फोनवर कडाक्याचं भांडण. "चुकून पडणारा माणूस चष्मा डबीत घालून पडत नाही," असं तो म्हणाला, आणि म्हणाला तेही लेकीच्या तोंडावर.

लेक दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणायचं हा तिचा धंदा. पण त्या दिवसापासून तिचंच तोंड मिटलं. भांडण तरी कशावरून, तर बाबांनी आता एकटं न राहता तिच्याकडे यावं यावरून. बाबा नको म्हणाले, आणि ती चिडून बोलून गेली, "उद्या काही झालं तर तुमच्या त्या वाळक्या काड्या येणार आहेत का तुम्हाला पाणी द्यायला?" पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कड्याखाली होते.

महिना उलटून गेल्यावर तिने एका जुन्या नंबरावर फोन केला.

"मावशी, ओळखलंत का? बाबा म्हणायचे, त्या झुडपांतलं जगात दोनच माणसांना कळतं. एक मी, आणि दुसरीशी माझं बोलणं नाही."

दुसरी म्हणजे या बाई. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग कायम असायचं, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. सूर्यफुलाच्या कुळातल्या रानझुडपांवर त्यांनी आणि लेकीच्या बाबांनी, म्हणजे सरांनी, तरुणपणी एकाच टेबलावर काम केलं होतं. मग दोन झुडपांवरून बिनसलं. बाई म्हणत, या दोन वेगळ्या जाती. सर म्हणत, एकच. बाई त्यांना 'पोतं' म्हणायच्या, कारण दिसेल ते एकाच पोत्यात भरायची त्यांना सवय. सर बाईंना 'किसणी' म्हणायचे, कारण त्या प्रत्येक गोष्टीचा कीस काढायच्या. आधी हे थट्टेत चाललं होतं. पुढे छापील लेखांत चाललं, आणि मग दोघांनी एकमेकांकडे जाणं सोडलं.

"बोल, बाळ," बाई म्हणाल्या. सर गेल्याचं त्यांना कळलं होतं, पण आपणहून फोन करायचं धैर्य झालं नव्हतं.

"त्यांच्या खिशात एक डहाळी सापडली. पोलिसांनी सामानाबरोबर परत दिली. तुम्ही ती बघाल का?" लेकीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला एवढंच कळायला हवंय, मावशी. बाबा पडले, की बाबा गेले?"

२

दवाखान्याच्या मागच्या खोलीत लेकीने पिशवी उघडली. कागदात गुंडाळलेली बोटभर डहाळी, तपकिरी पानांची. बाईंनी ती तळहातावर घेतली आणि त्यांना ओळखीचा कडवट वास आला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी वासावर ढकललं.

"बस इथे. तुला कळायला हवं," त्या म्हणाल्या. "ही दोन झुडपं आहेत. एक भुरी. ती पायथ्याला, रस्त्याच्या कडेला, कुठेही. दुसरी चांदी. ती फक्त कड्याच्या कपारीत. दिसायला सख्ख्या बहिणी."

"मग ओळखायच्या कशा?"

"या कुळातलं एक फूल म्हणजे एक फूल नसतंच. इवल्या इवल्या फुलांचं बिऱ्हाड असतं, एका गादीवर दाटीवाटीनं बसलेलं. भुरीच्या बिऱ्हाडात पाच जण, चांदीच्यात सहा-सात. तुझे बाबा म्हणायचे, पाच की सहा यावरून जात ठरते का? आमच्या काकांच्या हाताला सहा बोटं होती, त्यांना काय वेगळ्या जातीत घालू?"

लेक किती दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

"या डहाळीला फूल नाही," बाई पुढे म्हणाल्या, "पण आणखी एक खूण आहे. चांदीचं पान चुरून पाण्यात टाकलं आणि अंधारात जांभळा दिवा धरला की पाणी निळं चमकतं. भुरीचं नाही चमकत."

लेकीला सगळं क्षणात समजलं. ती डॉक्टर होती, तपासणीचा निकाल म्हणजे काय हे तिला कोणी सांगायला नको होतं. डहाळी चांदीची असेल तर बाबा झाडासाठी कपारीकडे वाकले आणि तोल गेला. भुरीची असेल तर ती वाटेत सहज तोडलेली, आणि मग कड्याच्या टोकाला त्यांचं काही काम नव्हतं.

दातातलं भरणं पक्कं करायचा निळसर दिवा दवाखान्यात होता, पण बाईंनी आपला छोटा दिवा बरोबर आणला होता. पडदे ओढले. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यात चुरलेलं एक पान. लेकीने बाईंचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठावेत.

बाईंनी दिवा लावला.

पाणी काळंच राहिलं.

३

लेकीने पडदे उघडले, पेला धुतला, हात धुतले. मग म्हणाली, "ठीक आहे, मावशी. कळलं."

"काही कळलेलं नाही," बाई जरा जोरातच म्हणाल्या. त्या उरलेली डहाळी पुन्हा भिंगाखाली फिरवत होत्या. "अगं, मी वास घेत बसले आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही बघ. चपटी आहे, पत्र्यासारखी. खिशात कोंबलेली ताजी डहाळी वाळताना वेडीवाकडी होते, पानं गुंडाळतात. ही दाबून वाळवलेली आहे. आणि देठाला हे काय लागलंय? डिंक."

"म्हणजे?"

"म्हणजे ही रस्त्यावरची नाही. वाळल्या झाडांच्या संग्रहालयातल्या कागदावरून काढलेली आहे. कागदावर चिकटवलेली भुरी खिशात घालून माणूस डोंगर चढतो, तो कशाला? जीव द्यायला? जीव द्यायला नमुना बरोबर न्यावा लागत नाही. नमुना नेतात तो ताडून बघायला. ही भुरी, आता समोरची ही कोण, असं."

लेकीने खुर्ची जवळ ओढली. "आणि चष्मा?"

"तुझ्या बाबांना लांबचं दिसत नव्हतं, जवळचं लख्ख दिसायचं. भिंग डोळ्याला लावायचं तर ते आधी चष्मा काढायचे. काढला की मिटायचे, मिटला की डबीत. एकदा माझ्या पायाखाली चष्मा फुटला होता त्यांचा, तेव्हापासूनची सवय." बाईंनी डहाळी परत कागदात गुंडाळली. "त्या अधिकाऱ्यानं सुतावरून स्वर्ग गाठला. त्याला काय ठाऊक, वनस्पतीवाला चष्मा कधी काढतो ते."

दुसऱ्या दिवशी दोघी डोंगरावर गेल्या. फाटकावरच्या रखवालदाराने कुलूप उघडायला आढेवेढे घेतले. त्या दिवसापासून वर कोणाला सोडायचं नाही असा हुकूम होता. संग्रहालयाचे प्रमुखही येऊन हात हलवत परत गेले होते. सर गेले त्या दुपारी त्यांची गाडी वर जाताना त्यानेच पाहिली होती.

"गाडीत एकटेच होते का?" बाईंनी विचारलं.

"काचा वर होत्या. मी गाडी बघितली, माणसं नाही मोजली. मला इथं बकऱ्या अडवायला ठेवलंय, बाई."

कड्यावर वारा होता. खालच्या कपारीत चांदी ऐन फुलोऱ्यात आलेली, पिवळीधमक. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि खाली पाहायचं टाळलं. मग त्यांनी लेकीला विचारलं, "त्यांच्या सामानात भिंग होतं ना? गळ्यातलं?"

"नाही. घड्याळ, पाकीट, किल्ल्या, डहाळी. भिंग नव्हतं. मीही मग खाली जाऊन शोधलं, दोनदा."

"चष्मा काढला तो भिंगासाठी, आणि भिंगच नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी नकळत आपलं भिंग मुठीत धरलं होतं. "बाळ, बाबा इथे एकटे नव्हते."

४

संग्रहालय म्हणजे लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांत कागदांच्या चळती, आणि प्रत्येक कागदावर एक वाळलेलं झाड. हवेत कीटकनाशक गोळ्यांचा वास. इथल्या टेबलाशी बाईंची तरुण वर्षं गेली होती. टेबल तेच होतं, फक्त पलीकडची खुर्ची हलवलेली होती.

प्रमुख हा सरांचा विद्यार्थी. त्याच्या प्रबंधाची परीक्षा बाईंनी घेतली होती, आणि ती तो अजून विसरला नव्हता.

"सरांचा आणि तुझा वाद झाला होता म्हणे, आदल्या दिवशी?"

"कोणी सांगितलं?"

"तू. आत्ता."

प्रमुखाने कपाळाचा घाम पुसला. "बाई, त्यांनी जुन्या कागदावरची डहाळी उचकटली. माझ्या देखत! संग्रहातलं पान तोडायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. मी बोललो. नको तेवढं बोललो. मग पोलिसांना कसं सांगू, की शेवटच्या भेटीत मी माझ्या गुरूला चोर म्हणालो?"

"कशाला हवी होती त्यांना?"

"ते म्हणाले, किसणीचं बरोबर असेल तर मरायच्या आधी मला कळायला पाहिजे." तो दुसरीकडे बघू लागला. "माझं पुस्तक छापायला गेलंय, बाई. त्यात ही एकच जात आहे. सरांच्या शब्दावर."

इतकी वर्षं त्या माणसाला आपलं म्हणणं पटवण्यासाठी बाईंनी शाई ओतली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी, असं धरून चालल्या होत्या. आणि घडा कधी सुलटा झाला ते कळलंच नाही. दुसरं म्हणजे, या मुलाला कपारीतली चांदी सापडू नये असं वाटायला चांगलंच कारण होतं. तो कुलपानंतर फाटकापर्यंत गेला होता. कुलपाआधी वरपर्यंत गेला असेल तर?

शेजारच्या खोलीत ताई काम करत होत्या. वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची, हेच काम त्या लग्नाआधीपासून करत आलेल्या. बाईंना पाहून त्या उठल्या, आणि हातातला ब्रश खाली पडला.

"बसा, ताई. काय चाललंय?"

"हे विद्यार्थ्यांचं." ताईंनी कागद पुढे केला. "ओलं असताना दाबतानाच एक पान उलटं करायचं, म्हणजे पाठ दिसते. विसरतात मेले. वाळल्यावर उलटवायला जावं तर तुटतं. मग मीच एक पान खुडून शेजारी उलटं चिकटवते."

"दाबतानाच त्यांना सांगत का नाही?"

"मला काय कळतं दाबण्यातलं? माझ्याकडे येतं ते वाळूनच येतं, बाई. इतकी वर्षं झाली, मला यातलं एक झाड जिवंत माहीत नाही."

सर गेले हे शब्द निघताच ताईंचे डोळे भरले. "देवमाणूस होते," त्या म्हणाल्या, आणि डिंकाची वाटी ढवळत राहिल्या. वाटीतला डिंक कधीच घट्ट झाला होता.

५

बाईंनी भुरीची चळत मागवली. सरांच्या मते जात एकच, त्यामुळे सगळे कागद एकाच वेष्टणात होते आणि चळत उशीएवढी झाली होती.

"काय शोधताय?" प्रमुखाने विचारलं.

"सरांच्या खिशातल्या डहाळीची जोडीदारीण. ताडून बघायला गेलेला माणूस दुसरी तोडणारच. खिशात ती नव्हती. खाली नव्हती. कोणीतरी नेली."

"नेली असेल तर फेकलीही असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण या इमारतीतल्या माणसाच्या हातून झाड फेकवत नाही. तुझ्या हातून फेकवेल?"

प्रमुखाने मान हलवली.

एकेक कागद भिंगाखाली जाऊ लागला. भुरीच्या पानावरची लव अंगाला चापून बसलेली असते. चांदीची गुंतलेली, विस्कटलेल्या लोकरीसारखी. चापून, चापून, चापून. पाठ भरून आली, चहा आला आणि गार झाला. एका कागदावर डहाळीची जागा रिकामी दिसली. सरांनी उचकटलेली ती हीच. चळतीच्या तळाशी मात्र बाईंचा हात थांबला.

लव गुंतलेली होती.

पानांत अजून हिरवट झाक होती. जुन्या कागदांवर तपकिरीशिवाय काही उरत नाही. कळ्या नुकत्या फुटू लागलेल्या. कपारीत आज चांदी पूर्ण फुलली आहे, म्हणजे ही महिनाभरापूर्वीची, आणि सर गेल्यापासून फाटकाला कुलूप. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे कोणी, कुठे, कधी तोडलं ते लिहितात, तिथे काहीच नव्हतं. कोपरा कोरा.

खात्रीसाठी बाईंनी एक सुटं पान पाण्यात चुरलं आणि टेबलाखाली, अंधारात, दिवा धरला. पाणी निळं झालं, असं निळं की प्रमुख गुडघ्यावर बसून बघतच राहिला.

"दोन जाती आहेत," तो पुटपुटला. मग एकदम उभा राहिला. "बाई, हे मी इथे ठेवलेलं नाही. तुमचा माझ्यावर संशय आहे?"

"होता," बाई म्हणाल्या. "हा कागद बघेपर्यंत."

जिंकल्याचा आनंद होईल असं त्यांना एके काळी वाटायचं. आता समोर पुरावा होता, आणि ज्याला दाखवायचा तो नव्हता. त्यांनी कागद दोन्ही हातांनी उचलला आणि शेजारच्या खोलीचं दार ढकललं.

६

ताईंनी कागद पाहिला आणि नाकारायचा प्रयत्नही केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चिकटवणं बघा," बाई हळू म्हणाल्या. "देठावर धाग्याचा टाका, गाठ मागे, एक थेंब डिंक बाहेर नाही. असा हात सगळ्या इमारतीत एकच. पण एवढ्यावरून काही ठरत नव्हतं, कारण कोणीही तुम्हाला डहाळी आणून दिली असती आणि तुम्ही चिकटवली असती."

"मग?"

"मग दाबणं बघा. एकही पान ओलं असताना उलटं केलेलं नाही. नंतर खुडून उलटं चिकटवलंय. पानांवर बारीक चौकड्या उमटल्यात. टीपकागदात दाबलं तर अशा उमटत नाहीत, टॉवेलात दाबलं तर उमटतात. घरी, गादीखाली दाबलंत ना? आता सांगा, ज्याचं चिकटवणं इतकं पक्कं, त्याचं दाबणं इतकं कच्चं कसं? प्रमुखानं दाबलं असतं तर पान उलटं असतं. विद्यार्थ्यानं दाबलं असतं तर कोपऱ्यात स्वतःचं नाव असतं. कामाचा उत्तरार्ध पाठ आणि पूर्वार्ध कधी केलाच नाही, असं इथं एकच माणूस आहे."

ताईंनी पर्समधून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. दोरी, आणि दोरीला भिंग.

"मीच त्यांच्या मागे लागले होते," त्या म्हणाल्या. "सर, सगळा जन्म ही झाडं चिकटवण्यात गेला, एक तरी उभं असलेलं दाखवा. ते म्हणाले, चला, उद्या सुट्टी आहे, तुम्हाला दाखवतो आणि किसणीचाही हिशेब मिटवतो. मी घरी सांगितलं, बहिणीकडे जाते."

बाई त्यांच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"कपारीतून त्यांनी ही डहाळी तोडली. चष्मा काढून डबीत ठेवला, भिंग लावलं. बघितलं, परत बघितलं, खिशातली काढून बघितली. आणि हसायला लागले, बाई. म्हणाले, किसणी जिंकली! इतके खूश, की जिंकलेत तेच. मी म्हणाले, मला दाखवा. त्यांनी गळ्यातलं भिंग काढून माझ्या गळ्यात घातलं आणि डहाळी माझ्या हातात दिली. मी भिंगात बघत होते. इतकं सुंदर असतं ते, मला माहीतच नव्हतं. ते म्हणाले, थांबा, एखादी लवकर फुललेली काढतो, आतली फुलं मोजायला. चष्मा दगडावरच होता." ताईंनी भिंग रुमालावर ठेवलं. "मी वर बघितलं तेव्हा ते नव्हते."

"खाली गेलात?"

"धावत. हात लावला, नाकाशी बोट धरलं. काही उरलं नव्हतं. मग भीती वाटली. सुट्टीच्या दिवशी, डोंगरावर, परक्या माणसाबरोबर. घरी सासूबाई, नवरा, मुलीचं लग्न ठरतंय. मी रस्त्यापर्यंत चालत आले आणि बस धरली. घरी आल्यावर कळलं, भिंग गळ्यातच राहिलंय आणि डहाळी मुठीत."

"फेकून का नाही दिलीत?"

"त्यांनी शेवटचं तोडलेलं होतं ते," ताई म्हणाल्या. "आणि कोपऱ्यात खोटं लिहायला हात उठला नाही. खरं लिहायला तर त्याहून नाही."

बाईंना राग यायला हवा होता. महिनाभर एक पोर स्वतःला बापाची मारेकरीण समजत होती आणि या बाईच्या तोंडाला कुलूप होतं. पण समोरचे डिंकाने खरखरीत झालेले हात भिंगाची दोरी गुंडाळत होते, आणि बाईंना राग काही गोळा करता आला नाही.

"ताई, त्यांच्या लेकीला वाटतंय की त्यांनी जीव दिला. तिच्यामुळे."

ताईंनी तोंडावर हात धरला. "जीव? अहो, नाही हो! असं कसं…" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चप्पल शोधली, घातली. "कुठे राहते ती? मला घेऊन चला. आत्ता."

७

लेकीच्या घरी एक खोली बाबांसाठी लावून ठेवलेली होती. पलंगावर धुतलेली चादर, भिंतीशी नवं कपाट, कागदाच्या चळती मावतील एवढं खोल. ते तिने भांडणाच्या आधीच करून घेतलं होतं. तिघी तिथेच बसल्या, कारण लेकीने दुसरीकडे बसायला सांगितलंच नाही.

ताईंनी सगळं सांगितलं. चष्मा, भिंग, हसणं, फुललेली डहाळी. सांगून झाल्यावर लेकीने फक्त विचारलं, "हसत होते?"

"पोट धरून."

लेकीने डोळे मिटले. महिन्याभरात पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले. ताईंना ती काही टाकून बोलली नाही. उलट त्यांचा हात हातात घेतला. बाईंना वाटलं, इथेच थांबावं, इथेच उठून निघावं.

"आणखी काही म्हणाले का? माझ्याबद्दल?" लेकीने विचारलं.

ताईंचा चेहरा उजळला. ही गोष्ट चांगली आहे, पोरीला बरं वाटेल, असंच त्यांना वाटलं. "म्हणाले ना. गाडीतच म्हणाले. पुढच्या आठवड्यात लेकीकडे राहायला जातोय कायमचा. तिला अजून सांगितलं नाही, काल रागाने फोन ठेवला. संध्याकाळी फोन करून सांगतो. तिकडे गेल्यावर हा डोंगर लांब पडेल आणि ती मला चढू द्यायची नाही. म्हणून म्हणाले, आजच जाऊन येऊ."

लेक हसली. हसू चेहऱ्यावर आलं, राहिलं, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत थिजलं.

"म्हणजे मी बोलावलं म्हणून ते त्या दिवशी वर गेले," ती म्हणाली.

ताईंना आपण काय बोलून बसलो ते उशिरा कळलं. लेक बाईंकडे बघत होती. एका केसावरून दोन जाती वेगळ्या करणाऱ्या बाईंनी त्या वाक्यात कुठे फट सापडते का पाहिलं. सापडली नाही. खोटं बोलता आलं असतं. पण ज्या पोरीला खरं कळावं म्हणून हा खटाटोप, तिला आता खोटं काय सांगायचं?

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मी भांडले म्हणून गेले. मी एकदा जरी फोन उचलून म्हटलं असतं, पोतं, चल, आपण दोघं जाऊन बघू, तर त्यांचा हात धरायला मी तिथे असते. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही."

"भिंग मी मागितलं," ताई म्हणाल्या. "नाहीतर चष्मा परत डोळ्यावर गेला असता."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, शेजारी कुठेतरी नळ वाहत होता. लेकीने चादरीवरची एक सुरकुती हाताने सरळ केली.

"एकटीला पेलायचं नाही हे," ती शेवटी म्हणाली. "तिघींनी वाटून घेऊ."

बाईंनी मान हलवली. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घरी जायची वेळ टळून गेली होती, आणि आज कुठे होतात हे विचारणारी माणसं दाराशी बसली असणार होती. त्या उठल्या नाहीत.